रूळ गेले, वाट राहिली

रस्ता मरतो, हें आपणांस नवीन नाहीं. घाटमाथ्यावरून कोंकणांत उतरणाऱ्या किती तरी जुन्या बैलवाटा मोटारीचा रस्ता होतांच ओस पडल्या. त्यांच्या फरशा निखळल्या, पाण्याचीं टाकीं बुजलीं, आणि आज गुराख्यांवांचून त्यांचें नांव कोणी घेत नाहीं. धरण झालें म्हणजे गांवाबरोबर गांवची वाटहि बुडते. परंतु आगगाडीची वाट, म्हणजे लोखंडाची, लाखों रुपये खर्चून केलेली आणि चिरंजीव भासणारी वाट, तीहि मरूं शकते ही गोष्ट मनास चटकन पटत नाहीं. ज्या देशांत आगगाडी जन्मास आली त्या इंग्लंडांत मात्र अशा मेलेल्या वाटा हजारों मैल आहेत. मोटारी वाढल्या, आगगाडीचें उत्पन्न घटलें, आणि १९६३ सालीं डॉक्टर बीचिंग यांनीं आपल्या प्रसिद्ध अहवालांत सुमारें ५,००० मैलांचे मार्ग व २,३६३ स्टेशनें बंद करावीं अशी शिफारस केली. पुढील कांहीं वर्षांत त्या शिफारशीचा बराच भाग अमलांत आला.

रूळ उपटून नेल्यावर जी लांबच लांब, अरुंद जमिनीची पट्टी मागें उरते, तिचें पुढें काय होतें? डर्बीशायर परगण्यांत या प्रश्नाचें एक फार सुंदर उत्तर पाहावयास मिळतें. मॉन्सल ट्रेल हें त्याचें नांव. गेल्या मे महिन्यांत या वाटेवर एक दिवस पायीं व एक दिवस सायकलीवर घालविण्याचा योग आला. आतां आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें विलायतेंत असतात व वडील मंडळी सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. त्यांस ही हकीकत उपयोगी पडेल, असें वाटून ती येथें देत आहें.

माझा पुतण्या मँचेस्टर येथें नोकरीस आहे. तो, सूनबाई, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि पुतण्याच्या मातोश्री म्हणजे माझ्या थोरल्या वहिनी, एवढी आमची मंडळी. आमचे दादा रेल्वेंत होते. वहिनींच्या संसाराचीं बरींच वर्षें कर्जतच्या रेल्वेवसाहतींत गेलीं. दादा गेल्यावर मुलानें त्यांना आग्रहानें आपल्याजवळ नेलें. घरांत कसलीहि उणीव नाहीं. पण गुडघ्यांनीं दगा दिलेला, भाषा परकी, शेजार अबोल. तेव्हां त्या दिवसभर खिडकीशीं बसून असत, आणि बाहेर चला म्हटलें कीं, "मी कोणाच्या उपयोगाची आतां? तुम्ही जाऊन या," हें ठरलेलें उत्तर देत. त्यांतच वाईच्या आमच्या वाड्याचे कागद टपालानें येऊन पडले होते. वाड्याचे सहा भाग करून ज्याचा त्यानें विकावा, असें घरांतील तरुण मंडळींच्या मनांत होतें; सर्वांच्या सह्या झाल्या होत्या, वहिनींचीच तेवढी राहिली होती. त्यांनीं नाहीं म्हटलें नव्हतें व होयहि म्हटलें नव्हतें.

मँचेस्टरहून मोटारीनें तास-सव्वा तासांत बेकवेल हें बाजारपेठेचें लहानसें गांव लागतें. त्याच्या जवळून वाय नांवाची नदी चुनखडीच्या डोंगरांत खोल दरी कापीत वाहते. लंडन व मँचेस्टर या दोन शहरांना आपल्या रुळांनीं जोडण्याची मिडलंड रेल्वे कंपनीची मोठी हौस होती, आणि त्यासाठीं या दरींतून जाण्यावांचून तिला गत्यंतर नव्हतें. वाटेंत दोन ड्यूकांच्या जमिनी. चॅट्सवर्थच्या बाजूनें मार्ग मिळाला नाहीं. दुसऱ्या, म्हणजे हॅडनच्या ड्यूकनें वाट दिली, पण गाडी वाड्याच्या मंडळींच्या दृष्टीस पडूं नये म्हणून ती जमिनीखालून नेण्याची अट घातली. म्हणून तेथें सपाटीवर असूनहि हजार यार्डांहून लांब बोगदा झाला! पुढें मात्र डोंगरच आडवे आले. एका बोगद्यांतून निघावें, पुलावरून नदी ओलांडावी, कीं दुसरा बोगदा, असें करीत हा मार्ग १८६३ च्या जून महिन्यांत बक्स्टनपर्यंत व १८६७ सालीं मँचेस्टरच्या बाजूस जाऊन मिळाला.

१८६३ हें साल महाराष्ट्रीय वाचकांच्याहि ओळखीचें आहे. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यांत मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें आपल्या बोरघाटाची रेल्वे सुरू झाली. तें काम १८५६ सालीं आरंभलें होतें. पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि कोठें कोठें ३७ फुटांस १ फूट असा उभा चढ! पहिल्या कंत्राटदारानें १८५९ सालीं काम सोडलें. त्याच्या जागीं ट्रेडवेल म्हणून दुसरा आला तो थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याच्या विधवा पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेल बाईनें, तें कंत्राट पुढें चालवून तडीस नेलें. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर त्या डोंगरावर राबत होते. पटकीनें व अपघातांनीं त्यांतले हजारों तेथेंच राहिले. एकाच वर्षीं, सुमारें साडेचार हजार मैलांच्या अंतरावर, दोन डोंगर अशा रीतीनें एकाच विद्येनें पोंखरले गेले. त्यांतल्या एकाच्या पायथ्याशीं उमर घालविलेल्या वहिनी आतां दुसऱ्यासमोर उभ्या होत्या.

हॅसप येथील जुन्या स्टेशनापाशीं आम्हीं चालावयास आरंभ केला. स्टेशनाची इमारत शाबूत आहे. तींत पुस्तकांचें दुकान व उपाहारगृह आहे आणि भाड्यानें सायकली मिळतात. फलाट आहे, पण गाडी यावयाची त्या जागीं दहा-बारा फूट रुंदीची बारीक खडीची गुळगुळीत वाट आहे, आणि तिच्यावरून बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, काठ्या टेकीत जाणारे म्हातारे, सायकलींवरचीं मुलें, हातीं दोरी धरून कुत्रीं फिरविणारीं माणसें अशी जत्रा लोटलेली! सूनबाईंनीं खबरदारी म्हणून घडीची चाकांची खुर्ची आणली होती. वहिनींनीं तिच्याकडे पाहिलें, आपली काठी नीट धरली, आणि "त्या पहिल्या बांकापर्यंत येतें, मग तुम्ही पुढें जा," असें म्हणून चालूं लागल्या.

येथें आगगाडीच्या वाटेचा एक गुण सांगणें अवश्य आहे. लोखंडी रुळावर लोखंडी चाक सहज घसरतें; त्यामुळें बैलगाडी चढेल त्याच्या चौथाईहि चढ एंजिनास चढवत नाहीं. म्हणून रेल्वे बांधणारे लोक टेकाड आलें कीं तें चिरतात, खळगा आला कीं भराव घालतात, आणि दर शंभर फुटांस एक फूट अशा बेतानें वाट वर नेतात. आजूबाजूचा मुलूख कितीहि उंचसखल असो, ही वाट हातानें थापल्यासारखी सारखी. जी सोय एंजिनासाठीं केली ती दुखऱ्या गुडघ्यांस जशीच्या तशी लागू पडते! ज्यानें ही रेषा आंखली त्या इंजिनियरास आपण म्हाताऱ्यांसाठीं रस्ता करीत आहों, असें स्वप्नांतहि वाटलें नसेल.

पहिला बांक आला. वहिनी थांबल्या, मागें वळून पाहिलें आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही वाट चढाची आहे. डोळ्यांना सपाट दिसते, पण पायांना कळतें. येथें गाडीला मागून एंजिन लावीत असले पाहिजेत." पुतण्या हंसला; पण त्याला तें माहीत होतें. खालीं राउझली येथें अशीं ढकलणारीं एंजिनें मुद्दाम ठेवलेलीं असत. कर्जतेस लोणावळ्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांस मागून एंजिनें लागतात, तीं लागल्याचा धक्का वहिनींनीं वर्षानुवर्षें आपल्या स्वयंपाकघरांत ऐकलेला. आज येथें ना रूळ ना धूर. तरी केवळ पायांखालच्या चढावरून त्यांनीं ती गोष्ट ओळखली. त्या बांकावरून पुढें निघाल्या, त्या कोणीं न सांगतां.

मे महिन्यांत ही वाट म्हणजे बागच. दोन्ही बाजूंच्या कापलेल्या कड्यांवर काउस्लिपचीं पिवळीं फुलें व जांभळ्या ऑर्किडचे तुरे. कुंपणाचीं काटेरी झुडुपें पांढऱ्या फुलांनीं लगडून वांकलेलीं. चुनखडीच्या ज्या भिंती सुरुंगांनीं फोडून उघड्या केल्या, त्यांच्या हलक्या, उन्हाळ मातींतच ह्या रानफुलांनीं पुढें संसार थाटले. मधेंच एके ठिकाणीं वहिनी चमकून म्हणाल्या, "हा लसणीच्या फोडणीचा वास कोठून?" पाहतों तों झाडांच्या सावलींत रानलसणीचें पांढऱ्या फुलांचें बनच पसरलेलें! परदेशांत आल्यापासून त्यांना ओळखीचें असें पहिलें कांहीं भेटलें तें हेंच असावें. पानें खुडून त्यांनीं बोटांवर चुरलीं आणि नाकाशीं नेलीं.

ग्रेट लाँगस्टनचें दुसरें ओसाड स्टेशन मागें पडल्यावर समोर डोंगर आडवा आला आणि त्याच्या पोटांत हेडस्टोन बोगद्याचें काळें तोंड दिसूं लागलें. लांबी ५३३ यार्ड. आंत दिवे आहेत, परंतु ते दिवसांपुरतेच; सायंकाळीं मालवितात. आंत शिरतांच गारवा अंगावर येतो, छतांतून पाण्याचे थेंब गळतात, आणि वाफेच्या एंजिनांची काजळी विटांवर अजून दिसते. मुलगा सायकल हातांत धरून आजीबरोबर चालत होता. भिंतींत ठराविक अंतरावर माणूस उभा राहील एवढाले कोनाडे पाहून त्यानें विचारलें, "आजी, हे देव ठेवायला केलेत का?"

वहिनी म्हणाल्या, "देव नव्हे रे, माणसं ठेवायला. गँगमन लोक रुळांचे खिळे ठोकीत आंत फिरायचे. मागून गाडी आली कीं पळायला जागा कुठें? मग या कोनाड्यांत शिरून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, गाडी जाईपर्यंत. आपल्या घाटांतसुद्धां असेच आहेत. तुझे आजोबा सांगायचे, अंगावरून वारा असा ओढून जातो कीं टोपी हातांत धरावी लागते." मग त्या स्वतःच एका कोनाड्यांत जाऊन पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि पोरानें गाडी होऊन शिटी फुंकीत सायकल समोरून नेली. बोगद्यांत ती शिटी घुमली. जाणाऱ्या-येणाऱ्या दोन-चार परक्या माणसांनींहि थांबून टाळ्या वाजविल्या.

बोगदा संपतो तो एकदम पुलावरच. पायांखालीं पांच उंच कमानी, त्यांखालीं वांकडी वळणें घेत जाणारी वाय नदी, आणि दोन्ही अंगांस हिरव्या दऱ्या. मॉन्सलचा हा देखावा पाहावयास लोक लांबून येतात, दगडी पुलासकट त्याचीं चित्रें काढतात. परंतु हा पूल जेव्हां नवा होता, तेव्हां एका थोर पुरुषानें त्याच्या नांवानें कडाकडा बोटें मोडलीं होतीं. तो पुरुष म्हणजे जॉन रस्किन. १८७१ सालीं लिहिलेल्या एका पत्रांत त्यानें या दरीला ग्रीक देवदेवतांच्या विहारभूमीची उपमा दिली, आणि तिचा नाश करून साधलें काय, तर एका गांवच्या मूर्खांना अर्ध्या तासांत दुसऱ्या गांवीं जाण्याची व तिकडच्यांना इकडे येण्याची सोय, अशा आशयाचा जळजळीत उपहास केला.

रस्किन आपणांस परका नाहीं. त्याचें 'अन्टू धिस लास्ट' हें पुस्तक महात्मा गांधींनीं १९०४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत वाचलें व त्यानें त्यांच्या आयुष्याला नवें वळण दिलें. पुढें 'सर्वोदय' या नांवानें त्यांनीं त्याचा गुजरातींत सारांशहि केला. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्या'त गांधीजींनीं रेल्वेवर कडक टीका केली आहे. गंमत अशी कीं, रेल्वेच्या या शत्रूचें तें पुस्तक गांधीजींनीं वाचलें तें जोहान्सबर्गहून दरबानला जाणाऱ्या आगगाडींतच! रेल्वे नसती तर ती निवांत रात्र त्यांस मिळाली असती कीं नाहीं, कोण जाणे.

त्याहून मोठी गंमत पुढेंच आहे. गाड्या बंद झाल्यावर १९७० सालीं सरकारनें हाच पूल संरक्षित वास्तु म्हणून ठरविला. ज्याला आजोबांनीं दरीचा कलंक म्हटलें, त्याला नातवंडांनीं दरीचा अलंकार म्हणून जपलें. रस्किनचें चुकलें असें मला वाटत नाहीं. त्यानें पाहिला तो उकरलेला, धुरकटलेला, ताजा घाव होता. आम्हीं पाहिली ती शंभर-दीडशें वर्षांत भरून आलेली खूण. पण एवढें खरें कीं, एखादी वस्तु ठेवण्याजोगी आहे कीं टाकण्याजोगी, याचा निकाल तिला जन्म देणाऱ्या पिढीच्या हातीं नसतो, आणि तिला वैतागलेल्या पिढीच्या हातींहि नसावा.

परत येतांना वहिनी थोडा वेळ खुर्चींत बसल्या व नातवानें मोठ्या अभिमानानें ती ढकलली. उतार लागल्यावर "आतां गाडी आपोआप चालेल, ब्रेकवर लक्ष ठेव," असें त्यांचें सांगणें चालूं होतें.

दुसऱ्या दिवशीं वहिनी व सूनबाई बेकवेलच्या बाजारांत राहिल्या, आणि पुतण्या, मुलगा व मी असे तिघे सायकलींवरून संपूर्ण वाट पाहावयास निघालों. बेकवेलपासून चीच्या खिंडींतील ब्लॅकवेल मिलपर्यंत ही वाट साडेआठ मैल आहे, जाऊन-येऊन सतरा. पुण्यांत ज्यांनीं ऐन उमेदींत सायकली हांकल्या त्यांना हें अंतर मोठें वाटूं नये. हेडस्टोनच्या पुढें क्रेसब्रुक (४७१ यार्ड) व लिटन (५१५ यार्ड) असे दोन बोगदे पाठोपाठ येतात, आणि त्यांच्या आसपास वाट नदीपासून इतक्या उंचीवरून जाते कीं खालच्या झाडांचे शेंडे आपल्या पायांशीं येतात.

या उंचीवरून दरींत दोन जुन्या इमारती दिसतात. दोन्ही एके काळच्या कापसाच्या गिरण्या. पाण्याच्या बळावर सूत कातण्याचा पहिला यशस्वी कारखाना आर्कराइट यानें १७७१ सालीं याच परगण्यांत, डर्वेंट खोऱ्यांतील क्रॉमफर्ड येथें काढला, आणि पाहतां पाहतां ही शांत दरी चाकांच्या घरघरीनें भरून गेली. आमच्या घराघरांतल्या चरख्याचें मरण प्रथम ज्या पाण्यांत शिजलें, तें हें पाणी! आज त्या गिरण्यांचीं राहतीं घरें झालीं आहेत व खिडक्यांशीं फुलांच्या कुंड्या आहेत. पण लिटनच्या गिरणीची कहाणी विसरण्याजोगी नाहीं. लंडनच्या अनाथगृहांतून मुलें करारानें आणून या गिरणींत जुंपीत. त्यांपैकीं रॉबर्ट ब्लिंको हा सुमारें सात वर्षांचा असतां १७९९ सालीं घराबाहेर पाठविला गेला. आधीं एका गिरणींत, मग लिटनला. उपासमार, मारहाण व यंत्रांत सांपडून होणाऱ्या इजा यांची त्याची हकीकत १८३२ सालीं पुस्तकरूपानें निघाली, तेव्हां इंग्रज वाचकांच्या अंगावर शहारे आले. मेलेल्या पोरांचा आंकडा डोळ्यांवर येऊं नये म्हणून त्यांना निरनिराळ्या गांवांच्या स्मशानांत पुरीत, असें म्हणतात. १८३३ सालीं कायदा झाला व बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी आली.

"म्हणजे मला ठेवलं असतं," आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव गंभीरपणें म्हणाले. कठड्याशीं उभे राहून ते बराच वेळ खालीं पाहत होते. सुंदर स्थळें पाहावयास नेतांना मुलांस अशाहि जागा दाखवाव्या. सौंदर्य त्यानें कमी होत नाहीं.

पुढें चुना भाजण्याच्या प्रचंड भट्ट्या लागतात. १८८० सालीं बांधलेल्या ह्या भट्ट्या १९४४ सालीं विझल्या. मग मिलर्स डेलचें स्टेशन. एवढ्याशा खेड्याला एके काळीं पांच फलाट होते, कारण बक्स्टनला जाणारे उतारू येथें गाडी बदलीत. रहदारी इतकी वाढली कीं १९०५ सालीं जुन्या पुलाच्या शेजारीं दुसरा पूल बांधावा लागला. त्या फलाटावर आज चहा मिळतो. आम्हीं तेथें बसून बरोबर आणलेल्या दशम्या व लसणीची चटणी खाल्ली आणि वरून चहा घेतला. आजूबाजूस लोक आपापले डबे उघडून बसले होते. स्टेशनावर बसून गाडीची वाट न पाहणें, हा एक निराळाच विसावा आहे.

आतां या सर्वाच्या मुळाशीं असलेली गोष्ट सांगतों. १९६८ सालीं या भागांतील शेवटची गाडी गेली. रूळ उचलले गेले. त्या सुमारास इंग्लंडांत ठिकठिकाणीं काय झालें, तर रेल्वेनें आपली जमीन तुकड्यातुकड्यांनीं विकली. ज्याच्या शेताला लागून तुकडा, त्यानें तो घेतला. कोठें भराव सपाट झाला, कोठें पूल मोडून दगड नेले, कोठें मधेंच घर उभें राहिलें. प्रत्येक तुकड्याला चार पैसे आले, पण वाट म्हणून जी वस्तु होती ती कायमची नाहींशी झाली. उद्यां कोट्यवधि पौंड ओतले तरी ती परत जुळणार नाहीं. मॉन्सलची पट्टी मात्र अखंड राहिली, आणि १९८० सालीं ती एकत्रितपणें राष्ट्रीय उद्यानाच्या हवालीं झाली. इंग्लंडांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान तें हेंच, १९५१ सालीं स्थापन झालेलें. १९८१ सालीं वाट लोकांस खुली झाली. पण बोगदे धोक्याचे म्हणून बंदच होते, आणि चालणाऱ्यांस डोंगर चढून पलीकडे उतरावें लागे. तीस वर्षें असेंच चाललें. शेवटीं दुरुस्ती होऊन २५ मे २०११ रोजीं बोगदे उघडले, तेव्हां कुठें ही वाट सायकलींस व वहिनींसारख्यांच्या गुडघ्यांस मोकळी झाली. तीस वर्षें बोगदे कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. तरी ते कोणीं बुजविले नाहींत, म्हणून उघडतां आले.

तरी वाद संपलेला नाहीं. या मार्गावर पुन्हां आगगाडी सुरू करावी, अशी मागणी करणारी मंडळी आहेत. मोटारींनीं या दऱ्या गजबजून गेल्या आहेत, तेव्हां गाडी आलेली बरी, असें त्यांचें म्हणणें; आणि आमची वाट हिरावूं नका, असें चालणाऱ्यांचें. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे. पण दोघांना भांडतां येतें तें कशामुळें? पट्टी अखंड आहे म्हणून.

रात्रीं जेवतांना पुतण्यानें हा सर्व इतिहास वहिनींना सांगितला. त्यांनीं ताकाची वाटी खालीं ठेवली आणि सहज बोलल्या, "वाटणी झाली असती, तर वाट उरली नसती." मग कोणीच कांहीं बोललें नाहीं. वाईचे कागद कपाटावर होते, आणि प्रत्येकाचें लक्ष एकदां तरी तिकडे गेलें असावें.

आपल्याकडेहि अशा वाटा आहेत. बोरघाटांत पूर्वीं गाडी एका टोंकाला जाऊन थांबे, एंजिन मागच्या बाजूस लागे, आणि गाडी उलट दिशेनें वर चढे. १९२९ सालीं नवा मार्ग झाला व तें उलटण्याचें स्टेशन टाकून दिलें गेलें. दादांनीं चालत्या गाडींतून बोट दाखवून त्याची जागा आपल्याला दाखविल्याचें वहिनींना आठवतें. वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळपर्यंत व दुसरीकडे अचलपुरापर्यंत अरुंद रुळांची एक रेल्वे आहे. लोक तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं एका इंग्रज कंपनीनें ती घातली ती मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे व तेथून मँचेस्टरकडे नेण्यासाठीं. म्हणजे मॉन्सलच्या दरींत ज्या उद्योगाचा उगम झाला, त्याचेंच एक टोंक यवतमाळाशीं होतें! ती गाडीहि आज थांबली आहे. तिचे रूळ रुंद करून ती पुन्हां सुरू व्हावी, अशी तिकडील लोकांची इच्छा आहे व ती रास्त आहे. खेड्यांतल्या माणसाला फुलें पाहण्याच्या वाटेपेक्षां तालुक्यास जाणारी गाडी अधिक हवी असते. पण गाडी येवो कीं न येवो, मधल्या काळांत त्या शंभराहून अधिक मैलांच्या पट्टीचे लचके तुटूं नयेत. ती शाबूत असली, तर पुढची पिढी तिच्यावरून काय न्यावयाचें तें ठरवील.

जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. मे-जून हे महिने उत्तम. बोगद्यांत थंडी वाजते, शाल जवळ असूं द्यावी. आणि दिवे मालवण्याच्या आंत परत फिरावें. गुडघे दुखत असतील तर हॅसपहून निघावें, थकवा वाटेल तेथें थांबावें. वहिनींनीं त्या दिवशीं जातां-येतां मिळून बहुतेक अंतर स्वतःच्या पायांनीं काटलें. त्यानंतर दर शनिवारीं त्या नातवाबरोबर जवळच्या एका जुन्या कालव्याच्या कांठानें फिरावयास जातात, असें पुतण्याचें पत्र आहे. त्याच पाकिटांत वाड्याचे कागदहि परत आले आहेत. सही केलेली नाहीं. समासांत वहिनींच्या वळणदार अक्षरांत एवढेंच लिहिलें आहे कीं, दिवाळींत मी येतें, मग सारे वाड्यांतच बसून बोलूं.